कामावर लागलं, कामामुळे दुखतंय: भरपाईत काय बसतं आणि काय नाही

कामगार भरपाईचा सल्ला घ्यायला आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोलतो, "चूक तशी माझीच होती हो." आणि मग निम्मी कहाणी स्वतःला दोष देण्यातच जाते. तर हे आधी डोक्यातून काढा. कामगार भरपाईची कल्पनाच मुळात अशी आहे की चूक कोणाची ते बघत बसायचं नाही. जर्मनीत १८८४ साली आणि ब्रिटनमध्ये १८९७ साली हे कायदे आले, त्याच्या आधी ब्रिटनमध्ये जखमी कामगाराला कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागायचा आणि त्याची स्वतःची थोडी जरी चूक निघाली तरी हातात काहीच पडायचं नाही. नव्या कायद्यांत एक सौदा झाला: मालकाची चूक दाखवायची गरज नाही, पण मिळणार ते ठरलेलंच, म्हणजे उपचाराचा खर्च, बुडालेल्या पगाराचा काही भाग, कायमचं अपंगत्व आलं तर त्याचे पैसे. मनस्तापाचे वेगळे सहसा नाहीत.

मग बघतात तरी काय? दोन गोष्टी: इजा कामामुळे झाली का, आणि काम चालू असताना झाली का. ऐकायला एकच वाटतं पण नाहीये. गोडाऊनमध्ये रॅकवरनं खोकं डोक्यात पडलं, दोन्हीला हो, विषय संपला. पण शिफ्ट चालू असताना बाहेरचा कोणीतरी जुन्या खासगी भांडणावरून आत घुसून मारून गेला तर वेळ कामाची होती, कारण कामाचं नव्हतं, आणि क्लेम तिथेच अडकतो.

खरी भांडणं सगळी सीमेवरची असतात. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात बऱ्याच देशांत बसत नाही, जर्मनीत मात्र बसतो, म्हणून तुम्हाला लागू असलेला नियम बघूनच बोलावं लागतं. पण साहेबांनी "जाता जाता हे पार्सल देऊन ये" म्हणून सांगितलं असेल तर तोच रस्ता कामाचा होऊ शकतो, म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो की त्या दिवशी तुम्हाला कोणी काही सांगितलं होतं का, मेसेज आहे का. जेवणाच्या सुट्टीत आवारातच जिन्यावरून पडलात तर आशा असते, बाहेर स्वतःच्या कामाला गेला होतात तर कठीण. घरून काम करणाऱ्यांचंही तसंच, मीटिंगसाठी चार्जर आणायला उठलात आणि वायरीत पाय अडकला ही एक गोष्ट, कपडे वाळत घालताना स्टुलावरून पडलात ही दुसरी, भले मग दोन्ही वेळा तुम्ही लॉग-इन असाल.

दारू पिऊन होतात आणि त्यामुळेच पडलात, स्वतःहून इजा करून घेतली, मस्ती तुम्हीच सुरू केली, इथे बहुतेक ठिकाणी दार बंद. नुसतं हेल्मेट विसरलात म्हणून सगळं संपलं असं सहसा नसतं, पण मशीनचं गार्ड मुद्दाम काढून ठेवलं होतं म्हटल्यावर वांधे होतात.

"माझी कंबर आधीपासूनच दुखायची, सांगू का नको?" सांगा. लपवलेली जुनी फाईल नंतर सापडली की खरा असलेला भागही खोटा वाटायला लागतो. आणि जुनं दुखणं असलं म्हणजे क्लेम गेला असंही नाही, आधी दुखत होती पण रोजचं काम जमत होतं, त्या दिवशी ड्रम उचलला आणि तेव्हापासून वाकताच येत नाही, तर कामामुळे दुखणं वाढलं हे बऱ्याच ठिकाणी धरतात. त्यासाठी आधीची अवस्था आणि नंतरची अवस्था डॉक्टरांनी वेगवेगळी लिहिलेली लागते.

आता आजार. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात आणि खरं सांगायचं तर फॉर्मच गोंधळात टाकतात. एक बाई आल्या होत्या, पॅकिंग लाइनवर कित्येक वर्षं काम, रात्री हात बधिर होतो म्हणून झोपमोड, आणि फॉर्मवरच्या "अपघाताची तारीख" या चौकोनावर पेन टेकवून नुसत्या बसून राहिल्या, कारण अपघात झालाच नव्हता. आम्ही म्हटलं कुठली बोटं बधिर होतात ते दाखवा, त्यांनी अंगठा आणि शेजारची दोन बोटं धरली, करंगळी सोडून. हे मनगटातली नस दाबली गेल्याचं नेहमीचं लक्षण आहे, तेच तेच काम जोर लावून करणाऱ्यांना होतं आणि भरपाईतही बसू शकतं, फक्त तारखेच्या जागी पहिल्यांदा त्रास कधी जाणवला आणि डॉक्टरांनी कामाशी संबंध कधी सांगितला हे लिहायचं. क्लेम करायची मुदत पण पुष्कळदा तिथूनच मोजतात.

दुसरी खूण म्हणजे सुट्टी. पीठ, रंगाचा स्प्रे, केमिकल अशा ठिकाणी काम करणाऱ्याला दम लागतो, आणि आठवडाभर रजेवर गेला की बरं वाटतं, परत हजर झाला की सुरू. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा कारण त्यावरून त्यांना कामाचा संशय येतो, नाहीतर साधा दमा म्हणून पंप देतात आणि फाईलमध्ये कामाचा उल्लेखच राहत नाही. कान जायचं पण असंच, ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास वर्षानुवर्षं काढली की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, माणसाला कळतच नाही, घरचे म्हणतात टीव्ही किती मोठा लावता.

धुळीचे आजार सगळ्यात वाईट कारण ते उशिरा येतात. दगड कापणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साचून होणारा सिलिकोसिस बऱ्याचदा दहा वर्षांनंतर दिसतो, आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर तर वीस ते पन्नास वर्षांनी. तोपर्यंत नोकरी सोडलेली असते, कधी कंपनीच बंद झालेली असते. तरीही क्लेम करता येतो का ते विचारा, नोकरी सुटली म्हणून गप्प बसू नका.

बऱ्याच देशांत अशा आजारांची यादी असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२५ च्या करारात तीनच होते: शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. २०१० च्या यादीत पार त्वचारोगांपासून कॅन्सरपर्यंत सगळं आहे, आणि भयंकर प्रसंगानंतर येणारा मानसिक आघातही आहे. यादीतला आजार आणि तसंच काम असेल तर संबंध सहसा गृहीत धरतात, यादीबाहेरचा असेल तर तो तुम्हाला दाखवावा लागतो. नुसतं टेन्शन आहे एवढ्यावर फार कमी ठिकाणी काही मिळतं. हार्ट अटॅक ऑफिसात आला म्हणून आपोआप बसत नाही, त्या दिवशी कामाचा ताण किंवा श्रम नेहमीपेक्षा वेगळे होते का ते बघतात.

शेवटी गाडी अडते ती पहिल्या रिपोर्टवर. सुपरवायझर "पाय घसरला" एवढंच लिहितो आणि आपण सही करतो. त्याच्याऐवजी "तीन नंबर मशीनपाशी तेल सांडलं होतं, ट्रॉली ढकलताना डावा पाय घसरला, गुडघ्यावर पडलो, शेजारच्या माणसाने उचललं" असं लिहून घ्या, त्याच दिवशी, आणि फोटो काढा, तेल पुसायच्या आधी. किरकोळ वाटलं तरी कळवा, खरचटलेलं नंतर पिकतं आणि तेव्हा म्हणतात की हे घरी झालं असेल.

भेटायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, पगाराच्या स्लिपा आणि आत्तापर्यंत कुठे कुठे काय काम केलं त्याची अंदाजे वर्षांसकट यादी आणा. "मी पूर्ण बरा आहे" छापाच्या कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी आम्हाला फोन करा. आणि घरच्या कॅलेंडरवर कधी "आज हात फार दुखला" असं खरडून ठेवलं असेल तर तेही आणा, पान फाडून नको, अख्खं कॅलेंडर.