मोटर दमत नाही म्हणजे नक्की काय? झाडावर चढणाऱ्या मशीनची गोष्ट

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते आणि पक्षी वाचवणाऱ्या एका मित्राचा सकाळी सकाळी फोन, की रेन ट्रीवर घार लटकलीय मांजात, अजून जिवंत आहे, गल्ली इतकी चिंचोळी की शिडीची गाडी आत येत नाही, तू ते रोपवालं सामान घेऊन येतोस का. गेलो. घार साधारण १८ मीटरवर, म्हणजे पाच-सहा मजले धरा. दोर टाकून, हार्नेस (कमरेला-मांड्यांना आवळायचे पट्टे) घालून, जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न सरकणारी पकड) लावून मी वर पोचलो तेव्हा घड्याळात २० मिनिटं झाली होती, आणि खरी मजा पुढेच आहे, खिशातून कात्री काढली तर बोटं मिटेनात. म्हणजे अक्षरशः कात्रीच्या भोकात अंगठा घालून तसाच बसलो होतो दोन-तीन मिनिटं, समोर घार माझ्याकडे रागाने बघतेय आणि खाली जमलेली पब्लिक ओरडतेय "कापा की साहेब".

तेव्हापासून ते मोटरवालं मशीन डोक्यात बसलंय. इंग्रजीत त्याला पॉवर्ड असेंडर म्हणतात. दोर झाडाला बांधून लोंबकळत ठेवायचा, मशीन तुमच्या हार्नेसला लटकवायचं, दोर त्यात घालायचा आणि बटण दाबायचं, की मशीन दोर गिळत गिळत तुम्हाला घेऊन वर जातं. दोर जागेवर आणि मशीन हलतं, हे लक्षात ठेवा, कारण विहिरीच्या रहाटासारखं जमिनीवर बसवून माणसाला ओढणारं विंच वेगळं. पेट्रोलवरही चालणारी आहेत, बॅटरीवरचीही आहेत, किंमत लाखांच्या घरात, आणि मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बचाव पथकं, उंच बिल्डिंग आणि पवनचक्क्यांवर दोराला लटकून काम करणारे रोप ॲक्सेसवाले, आणि परदेशात झाडं कापणारे-छाटणारे लोक.

आता आधी हिशोब करू, कारण मला स्वतःला तो केल्यावर धक्काच बसला.

माझं वजन ७५ किलो, अंगावर सामान १० किलो, एकूण ८५. १८ मीटर वर न्यायचं. ८५ गुणिले ९.८ गुणिले १८, म्हणजे साधारण १५,००० जूल. आकडा मोठा वाटतो ना? पण हे फक्त ४.२ वॉट-तास झाले, आणि तुमच्या खिशातल्या ५,००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास असतात. मोटर आणि गिअरमध्ये अर्धी ऊर्जा वाया गेली असं धरलं तरी फोनच्या निम्म्या बॅटरीतसुद्धा मी झाडावर! खाण्याच्या भाषेत बोलायचं तर शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरून १४ ते १८ किलोकॅलरी, म्हणजे चहात बुडवायचं एक ग्लुकोज बिस्कीट. आणि मी ते २० मिनिटांत केलं, म्हणजे माझी सरासरी पॉवर निघाली साडेबारा वॉट. घरातल्या एलईडी बल्बएवढी. राव, बल्बएवढं काम करून माझी बोटं मिटत नव्हती?

तर इथे खरं विज्ञान आहे. आपल्याला वाटतं वजन वर उचलायला दम लागतो. लागतोच, पण झाडावर दमवतं ते उचलणं नाही, धरून ठेवणं. शाळेतलं भौतिकशास्त्र सांगतं की वस्तू हलली नाही तर कार्य शून्य. भिंतीतला खिळा कॅलेंडर वर्षभर धरून ठेवतो, त्याला काही खावं-प्यावं लागत नाही. स्नायूचं तसं नाही. स्नायूच्या आत दोन प्रकारचे प्रथिनांचे तंतू असतात, एकाचे बारीक आकडे दुसऱ्याला पकडतात, ओढतात, सोडतात, परत पकडतात, आणि प्रत्येक वेळी एटीपी नावाचं इंधन जळतं. हात जागेवर स्थिर दिसला तरी आत ही पकड-सोड चालूच असते, म्हणजे रस्सीखेचीत दोन्हीकडे जोर सारखा असला की रुमाल हलत नाही पण दोन्हीकडच्यांना घाम फुटतो, तसं. वर घट्ट मूठ आवळली की पोटरीसारखा फुगलेला तो कोपराखालचा स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो, नवं रक्त येत नाही, जुना कचरा जात नाही, आणि हात दगड होतो. क्लायंबिंगवाले याला "पंप झाला" म्हणतात. माझा झाला होता तोच पंप.

मोटर दमत नाही असं आपण म्हणतो त्याचा खरा अर्थ हा. बटण सोडलं की तिचा ब्रेक लागतो आणि मग ती त्या खिळ्यासारखी असते, थांबायला तिला शून्य खर्च. मला थांबायला खर्च होता.

(जुमार वापरतानासुद्धा थांबता येतं, हार्नेसवर बसता येतं, हे मला माहितीये, कमेंटमध्ये येऊ नका. घाईत होतो, घार मरत होती, आणि वय झालंय.)

जुमारचं नाव निघालंच आहे तर सांगतो, सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही झुमारिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही पण नाव कुठून आलं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. स्वित्झर्लंडमधले युसी आणि मार्टी हे दोघे, त्यांच्या आडनावांचे तुकडे जोडून जुमार, साल १९५८. दात असलेली पकड, वर सरकते, खाली सरकत नाही. त्याच्याही आधी १९३१ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने नुसत्या बारीक दोरीच्या गाठीने हेच काम करून दाखवलं होतं. म्हणजे वर सरक-खाली अडक ही आयडिया जुनीच, मोटरने फक्त माझे दंड रिटायर केले.

पण मोटर दोराला पकडते कशी? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा भारी आहे. दातांनी चावली तर दोराचं कव्हर फाटणार, नुसती चिमटीत धरली तर घसरणार. उत्तर बंदरावर जाऊन बघा. बोट धक्क्याला लागते तेव्हा खलाशी दोर खुंटाला दोन-तीन वेढे मारतो आणि शेपटाचं टोक एका हातात धरून उभा राहतो, तिकडे टनावारी बोट ओढतेय आणि इकडे हा गप्पा मारतोय. वेढ्यांचं घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. १८व्या शतकात ऑयलरने याचं गणित मांडलं. दोर आणि धातूमधला घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला ताण साडेसहा पट होतो, दोन वेढ्यांना ४३ पट, तीन वेढ्यांना साधारण २८५ पट. म्हणजे माझे ८५ किलो पेलायला तीन वेढ्यांच्या खालच्या बाजूला फक्त ३०० ग्रॅमचा ताण हवा. ११ मिलीमीटरचा दोर मीटरला ७५-८० ग्रॅम भरतो, म्हणजे खाली लोंबणारा चार मीटर दोरच तेवढं वजन देतो! दोर स्वतःच स्वतःला धरतो म्हणा ना.

आणि म्हणूनच पहिले चार-पाच मीटर कटकटीचे असतात. खाली लोंबायला दोरच नसतो, मग शेपूट कुणीतरी हाताने ओढून धरावं लागतं नाहीतर मशीनमध्येच दाबणारं रोलर द्यावं लागतं. जुमारवाल्यांनाही हे माहितीये, सुरुवातीला छातीवरच्या पकडीतून दोर सरकतच नाही, खाली एखादा पोरगा दोर धरून उभा लागतो. त्यात दोर ताणतो ते वेगळंच. कामाच्या स्टॅटिक, म्हणजे कमी ताणणाऱ्या, दोराला युरोपियन मानकात ५ टक्क्यांपर्यंत ताणायची मुभा आहे, म्हणजे ३० मीटर दोरात दीड मीटर. त्या दिवशी पहिले सात-आठ झटके मी मारले आणि पाय जमिनीवरच, खाली एक आजोबा होते ते म्हणाले, "अहो, चढा ना आता."

या वेढ्यांच्या तत्त्वावर २००४ साली अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी मशीन केलं, सैनिकांसाठी साधनं बनवायची स्पर्धा होती, अट साधारण अशी की पूर्ण सामानासकट माणूस ५० फूट वर गेला पाहिजे तोही ५ सेकंदांत. त्यातल्या नेथन बॉलला २००७ साली लेमेलसन-एमआयटीचा, नवे शोध लावणाऱ्यांना देतात तो, विद्यार्थी पुरस्कारही मिळाला. मशीन सुमारे ११० किलो वजन सेकंदाला जवळजवळ ३ मीटर वेगाने ओढायचं. गुणाकार केला तर ही सव्वातीन किलोवॉट पॉवर होते, चार हॉर्सपॉवरच्या वर, म्हणजे शेतातल्या विहिरीवरचा पंप हार्नेसला लावल्यासारखं. ऊर्जा बिस्किटाएवढी पण ती इतक्या पटकन द्यायची म्हणून चांगल्या लिथियम बॅटऱ्या येईपर्यंत हे हातात धरता येईल एवढं होणं अवघड होतं.

झाडासाठी मात्र एवढा वेग मूर्खपणा आहे. सेकंदाला ३० सेंटिमीटर पुष्कळ झाला, म्हणजे १८ मीटरला एक मिनिट आणि अडीचशे वॉट. रोप ॲक्सेसमधल्या एका मित्राने प्रॅक्टिस टॉवरवर मला एकदा बॅटरीचं मशीन चालवू दिलं. आवाज ड्रिल मशीनसारखा, ओढ थेट बेंबीपाशी, पाय उगाच हवेत, आणि मला वाटेत काही करायलाच नाही. मी नुसता वर बघत होतो, वर पोचलो तेव्हा हात गार आणि कोरडे. पहिला विचार आला तो कात्रीचा.

पण झाड म्हणजे टॉवर नाही. टॉवरला वर अँकर, म्हणजे दोर बांधायची पक्की जागा, असतो, झाडावर तो खालून शोधायचा असतो. छऱ्यांनी भरलेली छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून हव्या त्या बेचक्यातून फेकायची, हाताने नाहीतर माणसाहून उंच दांड्यावर लावलेल्या मोठ्या बेचकीने. (बेचक्यातून बेचकीने. मराठीत हे वाक्य सरळ म्हणता येतं याचा मला फार आनंद आहे.) मग बारीक दोरीने जाड दोर ओढायचा. त्या दिवशी माझा यातच पाऊण तास गेला, चढण्यात २० मिनिटं! यात मोटर काय मदत करणार? आणि दोर फांदीवरून घेऊन दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं, जे सगळेच करतात कारण सोपं असतं, तर फांदीवर भार दुप्पट येतो. एका बाजूला मी ८५, दुसऱ्या बाजूला मला तोलणारा दोर, त्याचेही ८५, फांदी बिचारी १७० झेलतेय. फांदीवर दोर घासतो म्हणून थोडा कमी येईल पण दुप्पटच धरून चालायचं. मी वर जायच्या आधी दोघं जण दोराला लटकून, हिसके देऊन बघतो. गुलमोहरावर तर मी तेही करत नाही, सरळ नाही म्हणतो.

मशीनला कळत नाही ही खरी अडचण. हाताने चढताना डोक्यावर फांदी आली की आपण थांबतोच, मशीन तुम्हाला त्या फांदीत कोंबेल. सैल टीशर्ट, हातमोज्याचं टोक, लांब केस, काहीही दोराबरोबर आत जाऊ शकतं. म्हणून दुसरी, मोटरशी संबंध नसलेली पकड दोरावर हवीच आणि बॅटरी मेली तरी हाताने उतरता आलं पाहिजे, कारण हार्नेसमध्ये बेशुद्ध माणूस लटकून राहणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे वर आणखी एक भीती, आग्या मोहोळ. हळू चढणाऱ्याला निदान आवाज येतो, वास येतो, वर बघायला वेळ मिळतो. मोटरवाला घरघर करत थेट दारात. वडावर, फणसावर चीक दोराला लागतो, त्यात धूळ बसते, आणि मग ते सुंदर ०.३ वगैरे गणित गेलं कुठच्या कुठे.

नारळासाठी हे का वापरत नाहीत असं मला कोकणातल्या एका काकांनी विचारलं होतं. कारण माडाला फांदीच नाही, दोर अडकवणार कुठे? तिथे बुंध्यालाच पकडावं लागतं. केरळात चेंबेरीच्या जोसेफ यांचं पायाने चालवायचं यंत्र आहे ते त्याच जातीचं, आणि २०१९ मध्ये व्हायरल झालेली ती सुपारीवर चढणारी स्कूटर, दक्षिण कन्नडमधले शेतकरी गणपती भट यांनी केलेली, तीही बुंध्याला चाकांनी धरते. दोरवाली मशीन वडा-पिंपळासारख्या, रेन ट्रीसारख्या, नाहीतर कॅलिफोर्नियातल्या रेडवुडसारख्या झाडांसाठी. त्यातलं हायपेरियन नावाचं झाड ११५ मीटरच्या वर आहे. २००६ साली त्याची उंची मोजायला शास्त्रज्ञ स्टीव्ह सिलेट दोरावरून वर गेले आणि शेंड्यावरून टेप खाली सोडली. तेवढ्या उंचीला आपल्या हिशोबाने २७ वॉट-तास, म्हणजे दीड फोन. पण त्यातही दोर पोचतो तिथपर्यंतच मशीन, पुढे शेंड्याकडे फांदी-फांदीने हात-पायच.

माझं मत विचाराल तर वर जाऊन नाजूक काम करायचं असेल, किंवा दिवसातून आठ-दहा वेळा चढायचं असेल, तर मशीन घ्याच. वर्षातून दोन घारी सोडवणाऱ्याने पायाला लावायची पकड घ्यावी, हातांचा निम्मा भार मांड्यांवर जातो आणि मांड्या इतक्या लवकर पंप होत नाहीत. मी तीच घेतलीय.

त्या दिवशी शेवटी कात्री चालली. घार टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि उतरलो. चढताना कमावलेले १५,००० जूल उतरताना कुठेतरी द्यावेच लागतात, ते जातात घर्षणात, आणि माझं उतरायचं साधन म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा एट, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कडी, जिच्यातून दोर घासत जातो. सगळी उष्णता त्यातच राहिली असती तर तो १३० ते १६५ अंशांनी तापला असता, बरीचशी दोरात आणि हवेत जाते म्हणून बरं. तरी खाली आल्यावर गल्लीतल्या एका पोराने "काका, हे काय" म्हणत त्याला बोट लावलं आणि "आई गं" करून बोट तोंडात घातलं.