अमेरिकी लष्करी वसाहतीत कुत्रा: कोणत्या जाती चालत नाहीत, कागद कोणते लागतात

अमेरिकेच्या लष्करात असाल आणि तळावर कुटुंबासाठी घर मिळणार असेल, तर पिल्लू आणण्याआधी नियम बघा. आर्मीने जानेवारी २००९ मध्ये खाजगी कंपन्यांकडे असलेल्या वसाहतींमध्ये पिट बुल, रॉटवायलर, डॉबरमन, चाऊ आणि लांडग्याचा संकर यांना मनाई केली. मरीन कोअरने त्याच वर्षी पिट बुल, रॉटवायलर आणि लांडग्याच्या संकरावर बंदी घातली. नौदलात मात्र प्रत्येक तळाचे नियम वेगळे असतात. साधारणपणे एका घरात दोनच पाळीव प्राणी चालतात.

जात यादीत नसली तरी निर्धास्त राहू नका. कारण नसताना माणसांवर गुरगुरणं, कुंपणालगत धावून जाणं, चावणं, सुटून कुणाच्या मागे लागणं, अशा वागण्यावरूनही आर्मीच्या वसाहतीत कुत्रा नाकारता येतो.

अर्ज हाउसिंग ऑफिसमध्ये, भाडेकरारासोबतच करायचा. रेबीजसह लसीकरणाचे दाखले, मायक्रोचिपचा नंबर आणि जात लिहिलेली पशुवैद्याची नोंद जवळ ठेवा. अनामत रकमेची चौकशी आधीच करा. तळावरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंदणी करावी लागते. तिची मुदत ऑफिसातच विचारून घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष जातीच्या नोंदीकडे द्या. शेल्टरमधल्या मिश्र कुत्र्याची जात बरेचदा नुसती बघून, अंदाजाने लिहितात. तिथे 'पिट बुल मिक्स' असं पडलं, तर तोच कागद प्रत्येक बदलीत आडवा येतो, आणि बंदी मिश्र जातीलाही लागू होते. नोंद चुकीची वाटत असेल तर दत्तक घेण्याआधीच पशुवैद्याकडून तपासून लेखी मत घ्या. घरात रुळलेला, मुलांना लळा लागलेला कुत्रा ऐन बदलीच्या वेळी दुसऱ्याला द्यावा लागणं फार क्लेशाचं असतं.

अपंगत्वामुळे सहायक कुत्रा लागत असेल, तर त्याला पाळीव प्राण्यात धरत नाहीत. मात्र त्यासाठी वेगळी लेखी विनंती करा.

तळाबाहेर घरभत्त्यावर राहता येतं, पण घरमालक आणि विमा कंपन्यांच्याही अशा याद्या असतात. परदेशी बदली असेल तर त्या देशाचा कायदा बघा: जर्मनीत पिट बुल आणि बुल टेरियर नेताच येत नाहीत, तर जपानसाठी रेबीजच्या रक्तचाचणीनंतर १८० दिवस थांबावं लागतं. १ जानेवारी २०२४ पासून बदलीत एका कुत्र्याचा किंवा मांजराचा खर्च परत मिळतो, अमेरिकेच्या मुख्य भूमीत ५५० डॉलरपर्यंत आणि बाहेर २,००० डॉलरपर्यंत. पावत्या जपून ठेवा.