मोकळी जमीन कोणती? मुंबईतल्या न परवडणाऱ्या घरांची पार्श्वभूमी

मुंबईत घर का परवडत नाही, या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. बाजूंनी समुद्र आणि खाडी, जमीन मोजकी, माणसे वाढती. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शहरात जमीन किती आहे, यापेक्षा तिच्यातली 'मोकळी' कोणती धरायची, हा वाद गेली पन्नास वर्षे कागदोपत्री चालू आहे आणि घरांच्या किमतींचा माग काढू लागले की वाट याच शब्दापाशी येऊन थांबते. गिरणगावात मोकळी जागा म्हणजे दोन चाळींमधला तो पट्टा, जिथे सकाळी पापडांचे वाळवण पडायचे, संध्याकाळी क्रिकेट रंगायचे आणि लगीनसराईत मांडव उभा राहायचा. कायद्याला अभिप्रेत असलेली मोकळी जागा ही नव्हे.

भाड्याच्या घरांचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी दाट वस्त्या सुधारण्यासाठी सुधारणा न्यास स्थापन झाला, १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. महिन्याचे भाडे जेव्हा एका वेळच्या चहा-नाश्त्याइतके उरले, तेव्हा मालकाने डागडुजी सोडली आणि भाडेकरूने पागडी, म्हणजे ताब्यासाठीची एकरकमी रक्कम, घेऊन खोली पुढे दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये भाडे गोठवणाऱ्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. त्यानंतर आलेल्या आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ आणि पागडीला मान्यता दिली. तोपर्यंत भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणारा मालक या शहरात उरला नव्हता. राहायचे तर घर विकत घ्यायचे, अशी मध्यमवर्गीयांची समजूत झाली ती याच काळात, आणि घर विकत घ्यायचे ठरले की सगळा भार जमिनीच्या भावावर येतो.

जमिनीच्या मोकळेपणाची व्याख्या पहिल्यांदा महत्त्वाची ठरली ती १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यात. मुंबईत एका व्यक्तीला ५०० चौरस मीटरपर्यंतच रिकामी जमीन ठेवता येईल, बाकीची सरकार अल्प मोबदल्यात घेईल आणि तिच्यावर गरिबांची घरे होतील, असा तो हिशेब होता. मात्र 'रिकामी' या शब्दातून इमारत उभी असलेली जमीन वगळली होती, बांधकामाला परवानगी नसलेली वगळली होती आणि शिवाय सूट देण्याचा अधिकार सरकारनेच स्वतःकडे ठेवला होता. मालकांनी सूट मागितली, नाही तर दावे लावले, आणि जमीन ना सरकारला मिळाली ना बाजारात आली. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने त्यासाठी नोव्हेंबर २००७ उजाडू दिला आणि तेव्हाही मुख्य कारण केंद्राच्या नागरी योजनेतला निधी हे होते. कायदा गेला की जमीन सुटेल आणि भाव उतरतील, असे सांगितले जात होते. भाव उतरले नाहीत.

या सगळ्यात सर्वांत जास्त जागा द्यायला हवी ती कापड गिरण्यांच्या जमिनींना, कारण स्वस्त घरांसाठी शहराच्या मध्यभागी एकगठ्ठा जमीन हाती येण्याची तशी संधी पूर्वी आली नव्हती आणि नंतरही आलेली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम या जमिनींसाठी होता. गिरण्यांची संख्याही ५८ च सांगितली जाते, हा योगायोग. जमीन होती सुमारे ६०० एकर. गिरणी पाडून तिथे दुसरे काही उभारायचे असेल, तर जमिनीचे तीन वाटे करावेत, असे हा नियम सांगत होता. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत ३३ टक्के महापालिकेला बागा-मैदानांसाठी, २७ टक्के म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला, सार्वजनिक घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. जमीन मोठी असेल तसा मालकाचा वाटा ३३ आणि मग ३० टक्क्यांवर येत असे आणि म्हाडाचा वाढत असे.

मालकांना हा सौदा पटला नाही हे उघड आहे. पुढच्या दहा वर्षांत फार थोडे प्रस्ताव आले. शेड तशीच ठेवून आत दुरुस्तीच्या नावाखाली कार्यालये आणि करमणुकीची ठिकाणे थाटण्याची पळवाट मात्र सापडली. १९९६ मध्ये एका अभ्यासगटाने केंद्राच्या ताब्यातल्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करून मैदाने, रस्ते आणि घरे कुठे यावीत याचा आराखडा दिला. तो कपाटातच राहिला. मग २००१ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. कामगारांची देणी थकली आहेत, आजारी गिरण्यांना पैसा हवा आहे आणि मूळ नियमामुळे कोणीच पुढे येत नाही, ही त्यामागची अधिकृत कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. बदल वाचताना किरकोळ वाटावा असा होता. वाटणी आता संपूर्ण जमिनीची न होता फक्त मोकळ्या जमिनीची आणि शिल्लक चटईक्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात जे बांधकाम करायचे उरले आहे त्याची, व्हायची होती.

इथे गिरणीची रचना डोळ्यांसमोर आणायला हवी. कातण्याची खाती मजल्यांवर असत, पण साचेखाता, म्हणजे विणकामाचा विभाग, जमिनीवरच पसरलेला असे, कारण शेकडो मागांचा हादरा वरच्या मजल्यांना सोसत नाही. त्यावर करवतीच्या दातांसारखे छप्पर आणि उत्तरेचा सौम्य उजेड आत यावा म्हणून प्रत्येक दाताला काचा. अशी एकमजली शेड जमिनीचा मोठा भाग व्यापून बसलेली असे. उरलेल्या जागेत गोदामे, धुराडे, एखादे तळे आणि फाटकापाशी थोडे अंगण. म्हणजे जुन्या गिरणीत मोकळी म्हणावी अशी जमीन मुळातच थोडी होती. शेड पाडली की तीच जमीन डोळ्यांना उघडी दिसू लागते. ती नियमाच्या भाषेत मोकळी होते की नाही, एवढाच प्रश्न होता.

हा फरक केवढा, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. समजा, गिरणी १० एकरांची आहे, त्यातल्या ८ एकरांवर बांधकाम आहे आणि २ एकर मोकळे आहेत. शेड पाडल्यावर मोकळी झालेली जमीनही वाटणीत धरली, तर शहराला ३.३ एकर मैदान, म्हाडाला २.७ एकर आणि मालकाला ४ एकर मिळतात. फक्त आधीपासूनची मोकळी जमीन धरली, तर शहराला पाऊण एकराहून कमी आणि म्हाडाला जेमतेम अर्धा एकर उरतो. अर्ध्या एकरात एखादी इमारत होते, वस्ती होत नाही.

पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शेड पाडून मोकळी झालेली जमीनही वाटणीत धरावी, असा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. न्यायालयापुढे प्रश्न नियमाच्या वैधतेचा होता, त्याच्या शहाणपणाचा नव्हता, असे या निकालाच्या बाजूने म्हटले जाते आणि ते मान्य करायला हरकत नाही. मग शहाणपणाचा प्रश्न ज्यांच्याकडे होता, त्यांनी २००१ मध्ये तो कोणत्या सार्वजनिक चर्चेनंतर सोडवला, हेही विचारायला हवे. इतक्या मोठ्या जमिनीचे भवितव्य ठरवणारा बदल बहुतेक नागरिकांना कळला तो याचिका दाखल झाल्यावर.

दरम्यान बाजाराने आपला कौल दिला होता. केंद्राच्या मालकीच्या पाच गिरण्यांच्या जमिनी २००५ मध्ये मिळून सुमारे २,००० कोटी रुपयांना गेल्या. त्यांतली लोअर परळची १७.५ एकर जमीन ७०२ कोटींना, म्हणजे एकरी ४० कोटींना, तर दादरची पाच एकरांहून थोडी कमी जमीन ४२१ कोटींना, म्हणजे त्याच्याही दुपटीहून जास्त दराने. या भावाने घेतलेल्या जमिनीवर कारकुनाला परवडेल असे घर बांधा, असे सांगणे निरर्थक होते. शिवाय इथला दर पुढे शेजारच्या प्रत्येक जुन्या चाळीच्या पुनर्विकासाच्या गणितात मोजपट्टी म्हणून वापरला गेला.

'परवडणारे घर' हा शब्द सरकारी कागदांत ठळक झाला तो त्यानंतर. एप्रिल २०१९ पासून वस्तू आणि सेवा कराच्या सवलतीसाठी महानगरांत ६० चौरस मीटर चटईक्षेत्र (घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा) आणि ४५ लाख रुपये किंमत अशी दुहेरी मर्यादा आली. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. एवढे घर ४५ लाखांत बसवायचे, तर दर चौरस फुटाला ७,००० रुपयांच्या आत ठेवावा लागतो. दादर-परळ सोडाच, उपनगरांतही या दराने नवे घर शोधून दाखवावे. व्याख्या देशभरासाठी होती, त्यामुळे मुंबईकराला परवडणारे घर हवे असेल, तर ते शहराबाहेरच मिळणार, हे तिच्यातच ठरून गेले होते.

मोकळ्या जमिनीचा शोध आता मिठागरांपर्यंत पोचला आहे. कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी राज्याला देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. नकाशावर ही जमीन रिकामी दिसते. भरतीचे आणि पावसाचे पाणी कुठे साठते, हे पावसाळ्यात पाहिलेल्यांना मात्र ती तशी वाटत नाही.

गिरण्यांच्या वाटणीतून म्हाडाकडे जे आले, त्यावर कामगारांसाठी घरे झाली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख, आणि अर्जदार दीड लाखाच्या आसपास. शहरातली जमीन पुरेना, तेव्हा २०१६ मध्ये एक सोडत पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांची निघाली. ती घरे भाडेतत्त्वावरील जुन्या योजनेतली होती आणि १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून केलेली होती. बीडीडी चाळीतल्या खोलीचे माप शंभर वर्षांनी पुन्हा आले, फक्त पत्ता बदलला. त्यांच्या किल्ल्या मिळण्याआधी करोनाच्या साथीत तिथे विलगीकरण केंद्रही चालले. खुद्द वरळीच्या बीडीडी चाळींत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला, कारण तिथे राहता ताबा त्यांच्याकडे होता.

कामगारांकडे ताबा नव्हता, होती ती नोकरी, आणि तीही १९८२ च्या संपात गेली. २०२४ च्या शासन निर्णयात त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणी ही ठिकाणे आली. बदलापूरच्याही पुढची ही स्थानके आहेत. तिथले घर नाकारणाऱ्याचा हक्क संपेल, अशी त्यात एक अट होती. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झाले आणि ती अट मागे घेण्यात आली. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार तोपर्यंत अडुसष्ट वर्षांचा झाला होता. पुष्कळ अर्जांवर आता वारसांची नावे आहेत.