दिवसाची वेचणी आणि वेचणाऱ्याचं नाव

वेबवर सापडलेल्या वाचण्याजोग्या गोष्टींचे दुवे निवडून वाचकांपुढे ठेवायची रोजची यादी, म्हणजे वेचणी. तिच्यात नोंदी असतात आठ-दहा. एखादी बातमी, एखादं जुनं छायाचित्र, कुठल्याशा संग्रहालयाने नुकताच खुला केलेला नकाशांचा साठा, ऑक्टोपसच्या झोपेवरचा लेख. प्रत्येकीखाली दुवा, आणि काही ठिकाणी अगदी शेवटी बारीक अक्षरांत 'व्हाया अमुक', म्हणजे हा दुवा अमक्या वेचणाऱ्याकडून मिळाला. वाचणाऱ्याची नजर तिथवर क्वचितच जाते. या प्रकाराच्या इतिहासातली सगळ्यात चिवट भांडणं मात्र याच ओळीवरून झाली आहेत.

दुसऱ्यांनी लिहिलेलं, छापलेलं वेचून आपल्या वाचकांपुढे मांडणं जुनंच. दुसऱ्या शतकातल्या एका रोमन गृहस्थाने वाचता-ऐकताना टिपलेल्या फुटकळ गोष्टींचे २० खंड केले आणि क्रम मुद्दाम लावला नाही. जसं टिपलं तसं ठेवलं. १७३१ मध्ये लंडनला निघालेल्या एका मासिकाने तर आपल्या जन्माचं कारणच असं दिलं की वर्तमानपत्रं फार वाढली आहेत, तोच उद्योग केल्याशिवाय ती सगळी चाळणं कुणाला शक्य नाही, तेव्हा त्यातलं निवडक आम्ही महिन्याला देऊ. अमेरिकेत १७९२ च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्रवाल्यांना एकमेकांकडे अंक फुकट पाठवायची मुभा दिली. आलेल्या अंकांतून कात्रणं काढायची आणि आपल्या पानात बसवायची, हे मग रोजचंच काम झालं. १८८१ मध्ये मँचेस्टरला निघालेलं एक साप्ताहिक तर उघडउघड जगभरातल्या पुस्तकांतून आणि नियतकालिकांतून उचललेल्या तुकड्यांवरच चाललं, आणि जोरात चाललं.

श्रेय कोणी देत, बरेच देत नसत. १८७६ मध्ये शिकागोतल्या एका दैनिकाला संशय आला की आपल्या बातम्या शेजारचं सायंदैनिक सर्रास उचलतं. त्यांनी सर्बियातल्या दुष्काळाची एक बनावट तार छापली आणि तीत स्थानिक भाषेतलं म्हणून एक अगम्य वाक्य घातलं. शेजाऱ्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं. अक्षरं उलटीकडून वाचली की इंग्रजीत अर्थ निघत होता, 'हे मालक ही बातमी नक्की चोरणार', आणि मालकांचं आडनावही त्यात होतं. गावभर हसू झालं. नक्कल पकडण्याची याहून स्वस्त युक्ती अजून निघालेली नाही.

१९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तसंस्थेला दुसरीच्या ताज्या बातम्या उचलण्यापासून रोखलं. बातमीतल्या तथ्यांवर मालकी कुणाची नाही, पण ती गोळा करायला घातलेले कष्ट आणि पैसा प्रतिस्पर्ध्याला फुकट लाटता येणार नाहीत, असा तो निकाल. लिहिणारा आणि गोळा करणारा असे दोघे कायद्याच्या नजरेत आले. तिसरा, म्हणजे दुसऱ्याचंच काम गर्दीतून शोधून काढणारा, तेव्हाही त्यात नव्हता आणि आजही नाही.

वेबवरची वेचणी १९९३ च्या जूनमध्ये सुरू झाली असं धरायला हरकत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संगणक केंद्राने, जिथे पहिला लोकप्रिय ब्राउझर तयार झाला त्यांनीच, नव्याने आलेल्या साइट्सची यादी द्यायला सुरुवात केली. तीन वर्षांनी ती थांबली. तोवर 'नवीन काय' ही गोष्ट एका यादीत मावेनाशी झाली होती. त्यानंतर संपूर्ण यादीचा नाद सुटला आणि निवडीला किंमत आली. १९९७ च्या डिसेंबरात एका अमेरिकी गृहस्थाने आपण दिवसभरात वेबवर काय वाचलं याची नोंद, ताजं सर्वांत वर या क्रमाने, एकेका ओळीत द्यायला घेतली. राजकारण, आयरिश साहित्य, कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळं एकाखाली एक. आजच्या वेचणीचा साचा तोच आहे. १९९९ च्या सुरुवातीला अशा ज्ञात नोंदवह्यांची यादी कुणीतरी केली तेव्हा ती २३ वर संपली.

निवड किती नेटकी होऊ शकते हे १९९८ च्या सप्टेंबरात दिसलं. न्यूझीलंडमधल्या तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाने काढलेलं ते संकलन, मांडणी अठराव्या शतकातल्या छापील पत्रकांच्या धर्तीची: तीन रकाने, चित्रं जवळपास नाहीतच. एका रकान्यात लेख, दुसऱ्यात नवी पुस्तकं, तिसऱ्यात मतं आणि निबंध. प्रत्येक नोंद दोन-तीन ओळींची, आणि शेवटी फक्त 'पुढे वाचा' एवढा दुवा. खरी करामत त्या दोन-तीन ओळींत होती. पाच हजार शब्दांच्या रटाळ वाटणाऱ्या लेखातला वादाचा नेमका मुद्दा पकडायचा आणि असा टोकदार लिहायचा की वाचणाऱ्याचं बोट दुव्यावर गेलंच पाहिजे. माथ्यावर लॅटिन वचन, सत्याला विलंब सोसत नाही अशा अर्थाचं. २००२ मध्ये मालक कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा ते बंद पडलं, पण काही आठवड्यांतच उच्चशिक्षणाला वाहिलेल्या एका साप्ताहिकाने ते विकत घेतलं.

आता 'व्हाया'कडे. वेचणारे सगळे मिळून दोन डझन होते तोवर ही ओळ शिष्टाचाराची होती आणि उपयोगाचीही. तिच्यावर टिचकी मारली की आणखी एक वेचणारा सापडायचा. पुढे हजारो झाले आणि ओळ गळायला लागली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन प्रयोगशाळेने दुवे कसे पसरतात याचा माग काढला, तेव्हा दिसलं ते असं: बहुवाचित ठिकाणं गोष्टी कमी वाचल्या जाणाऱ्यांकडून उचलतात आणि पुष्कळदा त्यांचा उल्लेख करत नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस आणि २००५ च्या मध्यावर मतदानाने दुवे वर-खाली करणाऱ्या साइट्स आल्या. तिथे नाव लागे ते दुवा टाकणाऱ्याचं. तो त्याला कुठे मिळाला हे विचारणारा रकानाच नव्हता.

२०१२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका संकलिकेने यावर नियमावली काढली. चिन्हं दोन. दुवा थेट दुसऱ्याकडून घेतला असेल तर एक, नुसता धागा मिळून पुढे आपण भर घातली असेल तर दुसरं. पहिलं होतं कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीतलं एक अक्षर, दुसरं गिरकी घेतलेला बाण. दोन्ही कुठल्याच नेहमीच्या कळफलकावर नाहीत, म्हणून ते उमटवायला ब्राउझरमध्ये एक बटण बसवायचं.

आठवडाभर जी झोड उठली तिच्यात तीन-चार वेगळे आक्षेप एकमेकांत मिसळले होते. मूळ लेखाला दुवा दिला की श्रेय झालं, शोधणं म्हणजे घडवणं नव्हे, हा पहिला. दुसरा व्यवहाराचा: मला 'अ'कडून मिळालं, त्याला 'ब'कडून, तिला आणखी कुणाकडून, तर किती पायऱ्या मागे जायचं? तिसऱ्याला खरं तर आक्षेप म्हणवत नाही, चिडचिड होती ती. दुवे वाटणाऱ्यांनी स्वतःला संग्रहालयाच्या अभिरक्षकाच्या रांगेत बसवावं हे अनेकांना सहन झालं नाही. समर्थकांचं म्हणणं साधं होतं: रोज शंभर पानं चाळून आठ काढायला तास जातात, आणि ती आठ उचलून स्वतःच्या नावावर खपवायला दहा मिनिटं पुरतात.

चिन्हं रुळली नाहीत. रुळण्यासारखी नव्हतीच, जे टंकता येत नाही त्याचा प्रघात पडत नाही. पण चिन्हांची टर उडवताना मूळ तक्रारही हसण्यावारी नेली गेली, ते बरं झालं नाही. पहिला आक्षेप तर टिकणाराच नाही. 'व्हाया' मूळ लेखकाचं श्रेय काढून घेत नाही. अशा गोष्टी आणखी कुठे मिळतील एवढंच ती वाचकाला सांगते.

या वादाआधी पाच महिने झालेल्या एका निर्णयाची त्या मानाने चर्चाच होत नाही. सर्वांत मोठ्या शोधयंत्राच्या कंपनीने २००५ च्या ऑक्टोबरात फीड, म्हणजे आपण निवडलेल्या साइट्सवरच्या नव्या नोंदी, एका जागी वाचायची सोय काढली होती. तीत आवडलेली नोंद मित्रांना पुढे करता येई आणि ती कुणी पुढे केली हे नावासकट दिसे. म्हणजे 'व्हाया' आपोआपच लागत होती. २०११ च्या ऑक्टोबरात कंपनीने आपल्या नव्या सोशल नेटवर्ककडे लोक वळवण्यासाठी ही सोय काढून टाकली. वापर कमी झाल्याचं कारण देत १३ मार्च २०१३ ला अख्खी सेवाच गुंडाळण्याची घोषणा झाली आणि १ जुलैला ती बंद पडली. एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज गेला, उपयोग झाला नाही. शोक सगळा २०१३ चा होतो, पण वेचणाऱ्यांचं जाळं तुटलं ते २०११ मध्येच.

पुढचं ताजंच आहे. वेचणी ईमेलच्या वार्तापत्रांत गेली, आणि सोशल मीडियावर दुवा हाच नकोसा पाहुणा झाला. लोक 'लिंक पहिल्या कमेंटमध्ये' लिहू लागले. २०२३ च्या ऑक्टोबरात एका मोठ्या मंचाने तर दुव्यांखालचे मथळेच काढून टाकले. कायद्याची लढाई चालली ती प्रकाशक आणि बड्या कंपन्यांत. उताऱ्यांसाठी प्रकाशकांना पैसे द्यायला लावणाऱ्या स्पेनच्या कायद्यामुळे २०१४ च्या डिसेंबरात एक बातमी-संकलन सेवा तिथून बाहेर पडली, ती २०२२ मध्ये परतली. २०१९ च्या युरोपीय निर्देशाने प्रकाशकांना आपल्या मजकुराच्या ऑनलाइन वापरावर हक्क दिला, पण नुसता दुवा आणि अगदी छोटा उतारा त्यातून वगळला. कॅनडात तशाच कायद्यावरून २०२३ च्या ऑगस्टपासून दोन मोठ्या सोशल मंचांवर बातम्याच दिसेनाशा झाल्या. यांपैकी एकाही वाटाघाटीत वेचणारा पक्षकार नव्हता.

दरम्यान दुवेही मरत आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीनुसार २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. जुन्या वेचण्या चाळताना हे जागोजाग आडवं येतं. मूळ पान गेलेलं असतं, आणि 'व्हाया' दिलेली असेल तर त्या दुसऱ्या वेचणाऱ्याच्या नोंदीत निदान लेखाचं पूर्ण नाव, लेखक किंवा एखादा उतारा मिळतो, ज्यावरून वेब-संग्रहात त्याची जतन झालेली प्रत शोधता येते.