तुमची चित्रं आमच्या गोदामात कशी राहतात

चित्र ठेवायला देणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न एसीचा विचारतात. ‘चोवीस तास चालू असतो ना?’ असतो, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण आमच्या अनुभवात चित्राला सगळ्यात जास्त इजा माणसाच्या हातून होते. उचलताना, टेकवताना, मागचं एक काढायला पुढची चार बाजूला करताना. म्हणून गोदामाची सगळी मांडणी आम्ही एकाच हिशोबाने केली आहे: चित्राला कमीत कमी वेळा हात लागावा.

रॅक आणि खण

संग्रहालयांच्या साठवणीसाठी रोमच्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘रि-ऑर्ग’ नावाची पद्धत तयार केली आहे. तिच्यातले दोन नियम आम्ही जसेच्या तसे उचलले. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. वाचायला सोपं वाटतं. घरात पलंगामागे दहा फ्रेमा एकापुढे एक टेकवलेल्या असतील, तर त्यातली सगळ्यात मागची काढून बघा.

आमच्याकडे उभे खण आहेत. कपाटात पुस्तक सरकवावं तसं चित्र आत जातं. एका खणात दोन, फार तर तीन. चित्रकारानुसार लावत नाही, मापानुसार लावतो. कुणाला हे विचित्र वाटतं, पण लहान चित्र मोठ्याच्या शेजारी उभं केलं की त्याचा कोपरा बरोबर मोठ्याच्या कॅनव्हासमध्ये रुततो. ठेवताना रंगाची बाजू रंगाच्या बाजूला आणि पाठ पाठीला, मध्ये दोन्हींपेक्षा मोठी शीट. पाठीमागचे हूक आणि तारा आम्ही काढून पाकिटात घालतो आणि पाकीट चौकटीलाच बांधतो, कारण शेजारच्या चित्राला भोक पडतं ते बहुधा या हुकानेच.

प्रत्येक खणाला नंबर आहे. ‘ब-४-११’ म्हणजे ब ओळ, चौथा रॅक, अकरावा खण. खणाच्या तोंडावर आतल्या चित्राचा छोटा फोटो लावलेला असतो, त्यामुळे ‘हेच का ते’ हे बघायला चित्र बाहेर ओढावं लागत नाही. तुमच्या पावतीवरही हाच नंबर असतो. चित्राला स्टिकर लावत नाही. मागच्या लाकडी पट्टीला सुती नाडीने चिठ्ठी बांधतो.

बबलरॅपबद्दल

पहिल्या वर्षी आमच्याच हातून एक चूक झाली. अॅक्रिलिकमधलं एक चारफुटी चित्र बबलरॅपमध्ये गुंडाळून आलं, आणि ‘पॅकिंग छान आहे’ म्हणून आम्ही ते तसंच खणात सरकवलं. उन्हाळ्यानंतर उघडलं, तर निळ्या आकाशावर गोल गोल ठसे, अगदी ओळीत. अॅक्रिलिक वाळल्यावरही उष्णतेने मऊ पडतं आणि त्याला जे टेकलेलं असेल त्याची छाप धरतं. ते ठसे पुसून जात नाहीत. त्या ग्राहकाला फोन करताना काय वाटलं, ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून बाहेरून आलेलं पॅकिंग आम्ही पावतीच्या टेबलावरच, तुमच्यासमोर, उघडतो. बबलरॅप प्रवासात धक्क्यापासून वाचवतं, तेवढंच त्याचं काम. तेही रंगावर थेट नको. आत धुतलेल्या मलमलीचा थर हवा आणि फुगे बाहेरच्या बाजूला. महिनोन् महिने प्लॅस्टिकमध्ये बंद राहिलेल्या चित्रात ओल अडकते, मग बुरशी ठरलेलीच.

बासनात गुंडाळून ठेवलं म्हणजे विषय संपला, असं आपण म्हणतो. पण पोथीचं लाल बासन ही खरी हुशार वस्तू: धूळ अडवतं आणि हवा खेळू देतं. आमची सुती आवरणं त्याच जातीची आहेत.

हवा, ओल आणि छप्पर

जुलैत भिवंडीच्या हवेत ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रता जाते. ६५ टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. चित्रांच्या खोलीत आम्ही ती ५० ते ५५ च्या दरम्यान आणि तापमान २४ अंशांच्या आसपास ठेवतो. नुसत्या एसीने हे जमत नाही. खोली थंड झाली की एसी दम घेतो आणि तेवढ्यात ओल वाढते, म्हणून ओल शोषणारी यंत्रं वेगळी लावली आहेत. दिवसा चालू आणि रात्री बंद हा कारभार मात्र सगळ्यात वाईट. ओल वाढली की लाकडी चौकट फुगते, कमी झाली की आकसते. कॅनव्हास सैल पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि वरचा वाळलेला रंग एवढी कसरत किती दिवस करणार? तो तडकतो.

बाहेरून आमचं गोदामही पत्र्याचंच आहे, ते लपवत नाही. चित्रांची खोली त्याच्या पोटात पफ पॅनलच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या, भिंतींनी वेगळी बांधली आहे, त्यामुळे मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची धग आत पोचत नाही. पत्रा गळतो तो बहुतेक वेळा स्क्रूपाशी, उन्हाने रबरी वायसर कडक होऊन फाटतो तिथे. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आमचा माणूस छपरावर चढून एकेक वायसर हाताने चाचपतो आणि पन्हाळींतला पाला काढतो. कंटाळवाणं काम आहे, पण महागड्या यंत्रांपेक्षा यानेच जास्त चित्रं वाचतात असं आमचं मत आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. आमची जमीन रस्त्यापेक्षा उंच आहे, तरी सगळ्यात खालचा खण जमिनीपासून दीड फूट वर ठेवला आहे. जमिनीवर काहीही टेकत नाही, अगदी ‘पाच मिनिटांसाठी’सुद्धा.

शेजार

२४ मे २००४ ला पूर्व लंडनमधल्या लेटनच्या औद्योगिक वसाहतीत आग लागली. ती सुरू झाली दुसऱ्याच गाळ्यात आणि पसरत कलावस्तूंच्या गोदामापर्यंत आली. ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिनचा नावं शिवलेला तंबू आणि चॅपमन बंधूंची ‘हेल’ ही कलाकृती त्यात जळून गेली. म्हणून गाळा घेताना आम्ही भाड्याच्या आधी शेजार विचारला. भिवंडीत कापडाच्या गाठी, फोम, केमिकल यांची गोदामं पावलोपावली आहेत. आमच्या एका बाजूला फरशा आहेत, दुसऱ्या बाजूला नळ आणि बेसिन. रात्री खोलीतले दिवे बाहेरच्या मेन स्विचवरूनच बंद होतात आणि आत चार्जरही लावू देत नाही.

जुन्या तसबिरी

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या देवदेवतांच्या तसबिरी अजूनही कित्येक घरांत आहेत, काहींवर जर आणि टिकल्यांचं काम केलेलं. लक्षात घ्या, हा कागद आहे. मागे फळी ठोकलेली असेल तर लाकडातलं आम्ल कागदात उतरतं आणि फळीच्या रेषा चित्रावर तपकिरी उमटतात. कागद काचेला चिकटला असेल तर कृपा करून सुरीने सोडवू नका, तसाच आणा. आम्ही दुरुस्ती करत नाही, पण तज्ज्ञाकडे पोचवू. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे.

कसर लागू नये म्हणून घरी वेखंडाची पुरचुंडी ठेवता ती ठेवा, फक्त कागदाला टेकू देऊ नका. डांबराच्या गोळ्या मात्र चित्राजवळ नकोतच. आमच्याकडे आलेली कागदाची आणि लाकडाची प्रत्येक वस्तू आधी पंधरा दिवस वेगळ्या खोलीत राहते. खाली पांढरा कागद अंथरलेला असतो. त्यावर पिठासारखा भुसा दिसला की समजायचं, पाहुणे सोबत आले आहेत.

शंभर वर्षांहून जुनं चित्र किंवा मूर्ती कायद्याने पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या कायद्याखाली तिची नोंदणी लागते. नोंदणीचा कागद असेल तर त्याची प्रत सोबत द्या.

गुंडाळलेले कॅनव्हास

शक्यतो गुंडाळू नका. गुंडाळणं भागच असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवा. जवळजवळ सगळे जण उलट करतात, रंग आत सुरक्षित राहील म्हणून. पण आत वळवलेला रंग दाबला जातो आणि पापुद्रे सुटतात. नळी जितकी जाड तितकी बरी. सहा इंचांपेक्षा बारीक नळीवरचं काम आम्ही घेत नाही.

आणताना, नेताना

चित्र घेताना टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो काढतो. समोरून न दिसणारे तडे आणि उचललेला रंग त्यात दिसतात. त्या फोटोंवर तुमची आणि आमची सही होते. याला दहा मिनिटं लागतात, घाई करू नका. विमा तुमचा तुम्ही काढायचा आहे, आणि त्याला हेच फोटो लागतात. भाडं चित्राच्या किमतीवर नाही, खणातल्या रुंदीवर आहे.

चित्र घरी पोचलं की पॅकिंग लगेच सोडू नका. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, तसंच थंड खोलीतून आलेल्या चित्राचं होतं. एक दिवस तसंच राहू द्या.

तैलचित्र वर्ष-दोन वर्षं अंधारात राहिलं असेल, तर पांढरा रंग किंचित पिवळट दिसेल. घाबरून फोन करणारे बरेच असतात. तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा तो स्वभाव आहे. थेट ऊन न लावता उजेडाच्या खोलीत काही आठवडे टांगा, बराचसा पिवळेपणा उतरतो.

तुमचं चित्र बघायला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. तीन मिनिटांचं घड्याळ लावायचं असेल तर खुशाल लावा. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असला तर टेम्पो निघत नाही, तारीख पुढे जाते. त्या वाढीव दिवसांचं भाडं आम्ही घेत नाही.