फिशिंग व ऑनलाइन फसवणुकीपासून बचाव : ठाणे–नवी मुंबई परिसर

फिशिंग म्हणजे बँक, वीज कंपनी, पोलीस, परिवहन कार्यालय अशा विश्वासाच्या संस्थेचे सोंग घेऊन मेसेज, ईमेल, फोन किंवा बनावट संकेतस्थळाद्वारे एखाद्याची गोपनीय माहिती काढून घेणे, किंवा त्याच्याच हातून त्याचे पैसे वळते करून घेणे. गळाला आमिष लावून मासा पकडण्याच्या कल्पनेवरून हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यात, अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड चोरणाऱ्यांच्या बोलीत रूढ झाला. मराठीत ‘गळ टाकणे’ आणि ‘गळाला लागणे’ हे वाक्प्रचार याच अर्थाने फार आधीपासून आहेत. भारतात एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर या गुन्ह्याचे स्वरूप पालटले. पूर्वी भामट्याला पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक हवा असे. आता पुष्कळदा त्याला केवळ खातेदाराचे बोट हवे असते, कारण व्यवहार खातेदारच आपल्या फोनवरून, आपला पिन टाकून पूर्ण करतो. त्यामुळे ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हा बँकांनी वर्षानुवर्षे दिलेला सल्ला खरा असला तरी एकट्याने पुरत नाही. ज्या कार्यालयाचे नाव पुढे केले जाते ते कार्यालय प्रत्यक्षात कसे काम करते, नोटीस कशी देते, पैसे कुठे भरून घेते, याची माहिती हे बचावाचे अधिक भरवशाचे साधन आहे.

ठाणे जिल्ह्याला या गुन्ह्याची ओळख दोन्ही बाजूंनी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्री छापे टाकले, तेव्हा तेथील तरुण कर्मचारी अमेरिकी प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकेतील नागरिकांना फोन करीत होते आणि ‘कर थकला आहे, आता अटक होईल’ अशी भीती घालून पैसे उकळत होते, असे उघड झाले. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेण्यात आले व सुमारे सत्तर जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागानेही या जाळ्यातील अनेकांवर आरोप ठेवले. वसुलीसाठी गिफ्ट कार्डे विकत घ्यायला लावून त्यांवरील क्रमांक फोनवर वाचून घेतले जात. अधिकाऱ्याचा आवाज, अटकेची धमकी, फोन ठेवू न देणे आणि कोणत्याही सरकारी खात्यात कधीच न चालणारी पैसे भरण्याची पद्धत, ही या प्रकरणातील चारही अंगे आज ठाण्यातील आणि पनवेलमधील रहिवाशांना येणाऱ्या फोनमध्ये जशीच्या तशी आढळतात.

सोंगाची रीत समजण्यासाठी वीजबिलाचा मेसेज पुरेसा आहे. ‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, त्वरित आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ आणि खाली दहा आकडी मोबाईल क्रमांक, असा त्याचा ठरलेला साचा असतो. वेळ बहुधा संध्याकाळची असते, म्हणजे कार्यालय बंद झालेले आणि घरात वृद्ध आईवडील एकटे. फोन केला की पलीकडचा माणूस बिल भरल्याचे मान्य करतो, ‘फक्त नोंद अपडेट करायची आहे, दहा रुपये भरा’ असे म्हणतो आणि त्यासाठी एक ॲप उतरवून घ्यायला सांगतो. ते ॲप फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे असते. दहा रुपये भरताना टाकलेला पिन आणि आलेला ओटीपी तो तिकडे बसून वाचतो. एनीडेस्कसारख्या दूरनियंत्रण ॲपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता.

आता खरी रीत पाहावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ ही मुदत कायद्यात बसतच नाही. महावितरण वैयक्तिक मोबाईल क्रमांकावरून असे मेसेज पाठवीत नाही, हे त्या कंपनीने वारंवार जाहीर केले आहे. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो आणि भामट्याच्या मेसेजमध्ये तो सहसा नसतो, कारण त्याच्याजवळ केवळ मोबाईल क्रमांकांची यादी असते. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात २०२० पासून वितरणाचे काम टोरंट पॉवर या फ्रँचायझीकडे आहे, हेही तेथील रहिवाशाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याला आपले बिल कोणाकडून येते हे ठाऊक आहे, त्याच्यापाशी मेसेज पारखण्याची पहिली कसोटी आपोआपच असते.

ई-चलनाचा सापळा याहून अलीकडचा आहे. शीव–पनवेल महामार्गावर किंवा घोडबंदर रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याला चलन येणे अशक्य वाटत नाही आणि याच शक्यतेवर तो बेतलेला आहे. व्हॉट्सॲपवर सरकारी बोधचिन्हाचा डीपी असलेल्या क्रमांकावरून चलनाचा मजकूर येतो आणि सोबत ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एपीके फाइल असते. ही फाइल म्हणजे कागद नव्हे, तर ॲप होय. ती उघडून परवानग्या दिल्या की फोनवर येणारे सारे मेसेज, बँकेचे ओटीपी धरून, परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात आणि तोच मजकूर त्या फोनमधील ओळखीच्या सगळ्यांना पुढे पाठवला जातो. लग्नसराईत हीच फाइल निमंत्रणपत्रिका होऊन येते. खरे चलन वाहनाचा क्रमांक टाकून महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर पाहता येते, त्यासाठी कोणतीही फाइल उतरवावी लागत नाही. एमएच ०४ असो वा एमएच ४३, रीत एकच आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी स्रोतांवरून ॲप बसवणे’ ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोहोंसाठी बंद ठेवणे, हा यावरचा साधा आणि बहुतेकांनी न केलेला उपाय आहे.

तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आमिषाऐवजी धाक असतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगून गणवेशातील व्यक्ती व्हिडिओ कॉलवर येते, खोटे वॉरंट दाखवते आणि ‘चौकशी’ संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, घरातल्यांशीही बोलायचे नाही, असे बजावते. हे तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालते आणि अखेरीस मुदत ठेवी मोडून सारी रक्कम ‘पडताळणीसाठी’ एखाद्या खात्यात भरायला लावली जाते. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही ते स्पष्ट केले होते. प्रत्यक्ष अटकेत अटकेचा लेखी पंचनामा होतो, नातेवाइकांना कळवले जाते आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाते. पडताळणीसाठी पैसे भरून घेणारी कोणतीही तपासयंत्रणा नाही. निवृत्त, सुशिक्षित, आयुष्यभर नियम पाळलेली माणसे यात अधिक सापडताना दिसतात, याचे नवल वाटायला नको: ज्याला कायद्याचा आदर आहे त्यालाच कायद्याचा धाक घालता येतो. एकटे पाडणे हाच या फसवणुकीचा कणा असल्यामुळे शेजारच्या दाराची बेल वाजवणे, इतकेही अनेकदा तो मोडायला पुरते.

अन्य प्रकार थोडक्यात नोंदवता येतील. शेअर बाजाराच्या नावाखालील फसवणुकीत व्हॉट्सॲप गटात घेऊन बनावट ॲपमध्ये फुगलेला नफा दाखवतात, विश्वास बसावा म्हणून एकदा थोडी रक्कम काढूही देतात आणि मोठी रक्कम काढायच्या वेळी आधी ‘कर’ मागतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी पडताळणी केलेले वेगळे यूपीआय पत्ते आणले असून ते खरे आहेत का हे ‘सेबी चेक’वर तपासता येते. सिडकोच्या घरांच्या सोडतीच्या काळात ‘आतून काम करून देतो’ म्हणणारे आणि अनामत रकमेची खोटी लिंक पाठवणारे उगवतात. सिडको वा म्हाडा सोडतीसाठी दलाल नेमत नाहीत. जुने फर्निचर विकायला काढणाऱ्याला ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतात, परंतु यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, घेताना कधीच नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयवरील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्याने या फसवणुकीची एक वाट तरी बुजली आहे.

संकेतस्थळाचा पत्ता वाचणे ही सवयीने येणारी गोष्ट आहे. पत्त्याच्या सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढील दोन तिरप्या रेघा सोडून नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी थांबावे आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचावे. शेवटचे दोन-तीन तुकडे खऱ्या मालकाचे असतात, त्याआधी काहीही लिहिता येते. ‘बँकेचे नाव डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम’ या पत्त्याचा मालक बँक नसून ‘केवायसी-अपडेट’ हे नाव विकत घेणारा कोणीतरी असतो. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे जागा खरी, हा समज चुकीचा आहे. फोन आणि संकेतस्थळ यांमधली माहिती वाटेत इतरांना वाचता येत नाही एवढेच ते चिन्ह सांगते आणि चोरालाही ते मिळवता येते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखाली आणायची होती, आणि हा शेवट केवळ बँकांनाच मिळत असल्यामुळे ग्राहकाला एक ठोस खूण मिळाली. मेसेजच्या प्रेषकनामाच्या शेवटी आता पी, एस, टी किंवा जी हे इंग्रजी अक्षर येते (जाहिरात, सेवा, व्यवहार आणि सरकार यांसाठी), तर बँकांनी सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या व जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत असे ठरले आहे. ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रात न शोधता पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे पाहावा, कारण शोधयंत्रात भामट्यांनी पेरलेले क्रमांक वर येऊ शकतात.

घरातल्या तयारीत सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे रोजच्या यूपीआयला जोडलेले खाते वेगळे ठेवणे आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवणे; भाजीवाल्याला पैसे देणाऱ्या फोनवर निवृत्तीचा सगळा ठेवा उघडा नसावा. कार्डावरील परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार स्वतः बंद-चालू करण्याची व मर्यादा ठरवण्याची सोय बँकांना २०२० पासून द्यावी लागते, ती वापरावी. आधारच्या बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर कळते आणि संशयास्पद फोन-मेसेजची खबर तेथील ‘चक्षु’ या सुविधेतून देता येते.

पैसे गेलेच, तर पहिला तास मोलाचा. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. गेलेली रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे सरकत असते आणि ती रोखीत काढली जाण्यापूर्वी जिथे सापडेल तिथे गोठवणे, हे या यंत्रणेचे काम आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि स्वतःच्या बँकेचे नाव हाताशी ठेवावे, आणि लाजेने मेसेज पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो. त्याच वेळी बँकेला कळवून तिच्याकडून तक्रार क्रमांक घ्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर वाशीतही चालत नाही आणि नौपाड्यातही नाही. महाराष्ट्र सायबर या राज्य पोलिसांच्या शाखेचे मुख्यालय नवी मुंबईतील महापे येथे आहे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या अधिनियमाखालील तपास निरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.

नुकसान कोणी सोसायचे, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ती मर्यादित, म्हणजे नेहमीच्या बचत खात्यासाठी कमाल दहा हजार रुपये. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. हा निष्काळजीपणा होता की नव्हता यावरच बहुतेक वाद अडतात. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, किंवा तिचे उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १९३० मुळे गोठलेली रक्कम मात्र आपोआप परत येतेच असे नाही. त्यासाठी पुष्कळदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करून रक्कम मुक्त करण्याचा आदेश मिळवावा लागतो, आणि तो आदेश तपास अधिकाऱ्यामार्फत पैसे अडकलेल्या बँकेकडे पोहोचवावा लागतो.