कंट्रोलर म्हणाला एक, कॅप्टनने ऐकलं दुसरं : को-पायलटने रिपोर्ट कसा द्यायचा?

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आणि उलवे-खारघरच्या सोसायट्यांत पहाटे तीन वाजता गणवेशातली मुलं लिफ्टमध्ये दिसायला लागली. त्यातलाच एक नवा को-पायलट परवा माझ्या ठाण्याच्या घरी आला. चहा गार झाला तरी कपाला हात नाही. "सर, कॅप्टनशी वाजलं. एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने, सात हजार फूट दिले, मी सात हजारच रीडबॅक केलं, म्हणजे परत वाचून दाखवलं, कॅप्टननी पॅनेलवर सहा लावले. 'सहाच आहे, तू नवा आहेस' म्हणाले. मी एटीसीला परत विचारलं तर सातच निघाले. आता रिपोर्ट टाकू का?"

विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, असा रिपोर्ट म्हणजे कॅप्टनविरुद्धची तक्रार नव्हे. अंतिम अधिकार कॅप्टनचा, हे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. सुरक्षेसाठी अगदीच गरज पडली तर तो नियमाबाहेरही जाऊ शकतो. पण एटीसीचा आदेश पाळता येत नसेल तर 'अनेबल' म्हणून कळवायचं असतं, आणि ऐकण्यातच शंका असेल तर पुन्हा विचारायचं असतं. दोघांनी दोन आकडे ऐकले असतील तर दोघांपैकी कोणीच बरोबर नाही, असं धरून चालावं. वाद कॉकपिटमध्ये घालायचा नाही, फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे रेडिओवरून एटीसीलाच विचारून मिटवायचा. त्या मुलाने नेमकं तेच केलं.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. टीकॅसने, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी विमानातच बसवलेल्या यंत्रणेने, वर जा किंवा खाली जा असं सांगितलं, तर कंट्रोलर उलट सांगत असला तरी टीकॅसचं ऐकायचं. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगनवर दोन विमानं धडकली आणि ७१ माणसं गेली. टीकॅस वर जायला सांगतंय, हे एका विमानातल्या को-पायलटने बोलून दाखवलं होतं. विमान मात्र कंट्रोलरच्या सांगण्यावरून खाली गेलं. आपल्याकडची, हरियाणातल्या चरखी दादरीवरची विमानांची टक्कर तर माझ्या पिढीला विसरता येत नाही. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. त्या विमानात एटीसीशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. म्हणजे आदेश ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा.

आता मुख्य मुद्दा. रिपोर्ट ऐच्छिक की सक्तीचा?

दिलेली उंची मोडली, परवानगीशिवाय धावपट्टीवर शिरलात, दोन विमानांमधलं ठरलेलं अंतर कमी झालं, टीकॅसचा आदेश आला, यातलं काहीही घडलं असेल तर विचार करत बसायला जागा नाही. तो रिपोर्ट सक्तीचा. कॅप्टन देतो, कंपनी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवते. मुदत तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये असते. मी म्हणेन घरी जायच्या आधी द्या. कॅप्टन म्हणाले, "मी बघतो," तरी स्वतःचा वेगळा द्या. त्या मुलाच्या बाबतीत सात हजार मोडण्याआधीच खुलासा झाला होता, म्हणजे प्रत्यक्ष घडलं काहीच नाही. अशा वेळी ऐच्छिक रिपोर्ट.

पात्रतेचं फार काही नाही. को-पायलट, केबिन क्रू, इंजिनिअर, कंट्रोलर, ग्राउंड स्टाफ, कोणीही देऊ शकतो. नोकरीला लागून आठवडा झालेलाही. फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही.

वेळ द्यायचा तो कागदपत्रांवर, कारण रिपोर्ट इथेच लंगडे पडतात. त्या मुलाने खिशातून फ्लाइट प्लॅनच्या प्रिंटआउटचा तुकडा काढला. मागे पेन्सिलने लिहिलेलं : '२०४२. डिसेंड सात. वाचलं सात. लावलं सहा. विचारलं, सात.' बस्स. इतका चांगला पुरावा मी क्वचित पाहिलाय. आदेश, रीडबॅक, पॅनेलवर लावलेला आकडा आणि वेळ, चारही गोष्टी घटनेनंतर लगेच टिपलेल्या.

पण फॉर्ममध्ये त्याने तारीख चुकवली होती. २०४२ ही यूटीसी, म्हणजे जगभर विमानांसाठी वापरतात ती प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे दोन वाजून बारा मिनिटं, तारीख पुढची. त्याने वेळ यूटीसीची आणि तारीख इथली लिहिली. म्हणजे एटीसीच्या संभाषणाची टेप शोधणारा बरोबर चोवीस तास चुकीच्या ठिकाणी शोधणार! रात्रीच्या ड्युटीवाल्यांनी हे दोनदा तपासावं.

बाकी उड्डाण क्रमांक, विमानाचं नोंदणी चिन्ह, फ्रिक्वेन्सी, उड्डाणाचा टप्पा, हवामान, कोण विमान चालवत होतं आणि कोण रेडिओवर होतं, हे लिहा. 'कॅप्टन उर्मट वागले' हे लिहू नका. 'मी दोनदा सांगितलं, उत्तर आलं नाही' हे लिहा. वागणुकीबद्दलच बोलायचं असेल तर त्याला एचआरचा रस्ता वेगळा आहे.

उशीर करू नका. एटीसीच्या टेप किमान ३० दिवस ठेवायच्या, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. बऱ्याच विमानांतला कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर मात्र शेवटचे दोनच तास धरून ठेवतो, आणि पुढच्या उड्डाणात तुमचं बोलणं पुसलं जातं. घटना गंभीर असेल तर रेकॉर्डिंग जपायला विमान सोडण्याआधीच सांगा.

द्यायचा कुठे? आधी कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे. तिथे नाव फुटेल अशी भीती असेल तर डीजीसीएकडे ऐच्छिक रिपोर्टिंगची सोय आहे. त्यांचं मुख्यालय दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर. नाव-फोन विचारतात तो खुलाशासाठी, आणि ते गोपनीय ठेवायचं असतं. निनावी पाठवलात तर पुढचा प्रश्न विचारायचा कोणाला? मुद्दाम मोडलेला नियम किंवा अपघात मात्र या आडोशाखाली लपत नाही.

पुढे सुरक्षा विभाग फ्लाइट डेटा आणि टेप जुळवून बघतो, दोघांना वेगवेगळं बोलावतो. कॅप्टनला खरोखरच सहा ऐकू आलं असेल, हेही मनात असू द्या. बोलावणं आलं की पेन्सिलचा तो मूळ तुकडा बरोबर न्या. घरी बसून सुवाच्य अक्षरात उतरवलेली प्रत नको.